बायको कॅनडात, मी कतारमध्ये, घर गुहागर तालुक्यात: पीआरची फाइल कुठून सुरू करायची?

प्रश्न थोडक्यात असा: “मी गुहागर तालुक्यातला, वय ३२. गेली चार वर्षं दोह्यात एसी मेंटेनन्समध्ये सुपरवायझर आहे, त्याआधी तीन वर्षं सौदीत होतो. बायको ओंटारिओत नर्सिंग होममध्ये काम करते. तिला सप्टेंबर २०२२ मध्ये पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा परवाना, मिळाला. मे २०२३ मध्ये तिच्या घरी चार माणसांत लग्नविधी करून नगरपरिषदेत नोंदणी केली. डिसेंबर २०२३ मध्ये गावी मांडव घालून सगळ्यांसमोर लग्न झालं. आतापर्यंत एकत्र राहिलो ते सगळं मिळून जेमतेम ११ आठवडे. नोकरी सोडून गावी येऊन अर्ज करू, की व्हिजिटर व्हिसावर तिकडे जाऊन करू? मुंबईचा एक एजंट ‘शंभर टक्के काम’ म्हणून ४ लाख मागतोय. आणि पीआर झाल्यावर एक-दोन वर्षं इथली नोकरी चालू ठेवता येईल का?”

नोकरी सोडू नका. हे आधीच सांगते, कारण या एका बाबतीत आपल्याकडची मुलं फार घाई करतात. ‘अर्ज टाकलाय, आता निघायचंच आहे’ म्हणून राजीनामा देतात, गावी येतात, मग वर्ष उलटतं तरी फाइल चालूच असते आणि घराचा हप्ता मात्र थांबत नाही. जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपसाठी (कॅनडातल्या बायकोने हमी घेऊन नवऱ्याला बोलावणं) तुम्ही भारतातच असायला हवं असं कुठेही नाही. कतारमध्ये तुम्ही कायदेशीर राहताय, तेव्हा बोटांचे ठसे तिथल्या व्हिसा केंद्रात देता येतात आणि मेडिकलही कॅनडाने नेमलेल्या तिथल्याच डॉक्टरकडे होतं. ठशांचं पत्र आलं की ३० दिवसांची मुदत असते, एवढं ध्यानात ठेवा. तुमच्या पगाराला किंवा हुद्द्याला इथे गुण मिळत नाहीत. नवऱ्याला किंवा बायकोला बोलावताना स्पॉन्सरलाही सहसा किमान उत्पन्नाची अट नसते. क्यूबेकची प्रक्रिया वेगळी आहे, पण तुमची बायको ओंटारिओत आहे. तिने सरकारी निर्वाह भत्त्यावर नसावं (अपंगत्वाचा भत्ता वेगळा) आणि दिवाळं काढलेलं नसावं, असं बघतात. तीन वर्षं तुमच्या निर्वाहाची जबाबदारी तिच्यावर राहते. देव न करो, पण मधे घटस्फोट झाला तरी ती जबाबदारी सुटत नाही. सही करण्याआधी तिला हे ठाऊक असू द्या.

मी कॅनडाची परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार आहे. १४ वर्षं याच फाइली करते आहे, त्यातली गेली ६ रत्नागिरीत बसून. समोर कोणीही आलं तरी मी आधी दोन तारखा विचारते: स्पॉन्सर पीआर म्हणून कॅनडात कधी उतरली आणि लग्न कायद्याने कधी झालं. तुमच्या बाबतीत सप्टेंबर २०२२ आणि मे २०२३. ती आधी उतरली, लग्न नंतर झालं. हे वाचून मला हायसं वाटलं.

का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी राजापूरकडची एक मुलगी आणि तिची आई माझ्याकडे आल्या होत्या. मुलीने स्वतःच्या शिक्षणावर आणि नोकरीवर पीआरचा अर्ज टाकला, त्यात ‘अविवाहित’ लिहिलं. फाइल चालू असताना दोन्ही घरच्यांनी ठरवून रजिस्टर लग्न उरकून घेतलं, पुढे मुलाच्या व्हिसाला कागद लागेल म्हणून. मुलगी ‘अविवाहित’ म्हणूनच कॅनडात उतरली. सहा महिन्यांनी सुट्टीवर आली, थाटात लग्न झालं, आणि मग नवऱ्याला स्पॉन्सर केलं. अर्ज नाकारला गेला. कॅनडाच्या नियमांत ११७ क्रमांकाचा एक नियम आहे. स्पॉन्सर स्वतः पीआर झाली तेव्हा जो कुटुंबातला होता, पण ज्याचं नाव सांगितलं नाही आणि त्यामुळे ज्याची तपासणी झाली नाही, त्याला तिला पुढे कुटुंबीयांच्या वर्गातून बोलावता येत नाही. आई मला पुन्हा पुन्हा विचारत होती, “पण अक्षता तर नंतर पडल्या ना?” तिचं म्हणणं मला मनापासून कळत होतं. आपल्याकडे रजिस्टर लग्नाला कोणी लग्न धरत नाही, तो नुसता कागद. मुलगी त्यानंतरही माहेरीच राहते, मंगळसूत्रही घालत नाही. पण कॅनडाच्या दृष्टीने त्या कागदावरची तारीख म्हणजेच लग्न. त्या दोघांना पुढे मानवतेच्या आधारावर विनंती करावी लागली. फार लांबचा रस्ता तो.

तुमच्याकडे तोच प्रश्न सौम्य रूपात आहे. लग्नं दोन, तारखा दोन. नगरपरिषदेच्या दाखल्यावर विवाहाचा दिनांक मे महिन्यातला असेल, आणि नोंदणीचा दिनांक वेगळा असेल तर तोही असेल. फॉर्ममध्ये सगळीकडे दाखल्यावरचा विवाहाचा दिनांकच लिहायचा. नोंदणीचा नाही आणि डिसेंबरचा तर नाहीच. पण डिसेंबर लपवायचाही नाही. आयएमएम ५५३२ हा नात्याविषयीचा फॉर्म आहे. त्यात समारंभ कुठले झाले, कोण हजर होतं, हे विचारलेलं असतं. तिथे सरळ लिहा: मे महिन्यात कायदेशीर विवाह, घरचे इतके जण हजर, बायकोची रजा संपत होती म्हणून मोठा समारंभ डिसेंबरात, गावी. लग्नपत्रिकेवर डिसेंबर छापलेलं आहे, फोटोंत मांडव आणि हळद आहे. दाखला एक तारीख सांगतो आणि पत्रिका दुसरी, आणि मधे खुलासा नसेल, तर अधिकाऱ्याला शंका येणारच. त्याने आपलं लग्न पाहिलेलं नसतं. आपल्याकडे असं का करतात, हे त्याला चार ओळींत आपणच सांगायचं.

याच संदर्भात एक गोष्ट, तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी. खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या मुस्लिम घरांत मुलगा आखातात अडकला की फोनवर किंवा व्हिडिओवर निकाह लावतात. जून २०१५ पासून कॅनडा असं लग्न स्पॉन्सरशिपसाठी मानत नाही. लग्नाच्या वेळी दोघं एकाच जागी प्रत्यक्ष हजर असायला हवीत. असं लग्न झालेलं असेल तर अर्ज करण्याआधी येऊन भेटा. मार्ग निघू शकतो, पण तो आधीच काढावा लागतो.

आता नावांचं. तुमच्या बायकोचं नाव तांदळात बदललं का? हे मी प्रत्येक हिंदू जोडप्याला विचारते. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहिलं, सासरी सगळे त्याच नावाने हाक मारू लागले, शिधापत्रिकेवर तेच चढलं, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा. मग फाइलमध्ये तीन बायका दिसतात: पासपोर्टवरची, पत्रिकेवरची आणि शिधापत्रिकेवरची. यासाठी राजपत्रात नाव बदलायला धावू नका, आणि फाइल चालू असताना पासपोर्टवरचं नाव तर मुळीच बदलू नका. अर्जात पासपोर्टवरचं नाव लिहा, ‘इतर नावे’ या रकान्यात बाकीची सगळी लिहा आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. तुमच्या वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर त्याचाही उल्लेख त्यातच करा.

दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं. ते तुम्ही, बायकोने किंवा नात्यातल्या कोणी केलेलं चालत नाही, मग मेहुणा इंग्रजीचा प्राध्यापक का असेना. बाहेरच्या भाषांतरकाराकडून करून घ्या, सोबत त्याचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रत हवी.

११ आठवड्यांची तुम्हाला काळजी वाटते, हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. आखातात काम करणाऱ्यांच्या संसारात एवढेच आठवडे असतात आणि ते सांगायला लाजण्यासारखं काही नाही. लग्न खरं आहे का, आणि ते मुख्यतः कॅनडात जाण्यासाठी केलेलं नाही ना, या दोन गोष्टी अधिकारी तपासतो. एकत्र राहण्याचे दिवस थोडे असतील तर त्या दिवसांचे कागद नीट हवेत आणि दूर असतानाचा संसार दिसायला हवा. दोह्याहून मुंबईचं तिकीट आणि बोर्डिंग पास, तिचं टोरंटोहून मुंबईचं, मग दोघांची नावं एकाच पीएनआरवर असलेलं मांडवी किंवा कोकणकन्येचं चिपळूणपर्यंतचं तिकीट. हा एवढासा कागद मला पन्नास फोटोंपेक्षा मोलाचा वाटतो. दोघं एका तारखेला एका गाडीने एका घरी गेली, हे तो कोणाच्याही शब्दाशिवाय सांगतो. ती दोह्याला येऊन गेली असेल तर तिच्या पासपोर्टवरचे शिक्के आणि तुमच्या राहण्याचा पुरावा जोडा. तुमच्या विम्यावर, बँकेत, कंपनीच्या फॉर्मवर वारस म्हणून कोणाचं नाव आहे? बहुतेकांचं आईचं असतं. लग्नानंतर बदललेलं नसतं, कारण कोणाला सुचत नाही. खरोखर बायकोचं करायचं असेल तर करा. पण नुसतं फाइलसाठी अर्जाच्या आदल्या आठवड्यात सगळीकडे नावं बदललीत, तर तेही कागदावर दिसतं.

फोटो जास्तीत जास्त २० आणि संभाषणाची पानं जास्तीत जास्त १०, अशी मर्यादा कॅनडाच्या यादीत दिलेली आहे. लग्नाच्या अल्बममधले १८ फोटो देऊ नका. दोन-तीन पुरे. बाकीचे गणपतीतले, शिमग्यात पालखी दारात आली तेव्हाचे, तिच्या आजीबरोबरचे, दोह्यातले असे वेगवेगळ्या वर्षांतले घ्या. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहा.

संभाषणाची पानं निवडणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम. पोरं ‘आय लव्ह यू’, ‘मिस यू’ अशी पानं काढून आणतात. एका जोडप्याच्या फाइलमध्ये मी जे पान लावलं त्यात बायको कॅनडातून विचारत होती, पावसाआधी कौलं चाळून झाली का, माणसांना किती दिलेत, आणि स्वयंपाकघराच्या बाजूची फुटकी कौलं मोजली का. नवऱ्याने मस्कतहून भावाला पैसे पाठवल्याची पावती त्याच दिवशीची होती, ती त्याच्या मागे लावली. दोन माणसं दोन देशांतून तिसऱ्या देशातल्या एका छपराची काळजी करत होती. तुमच्याही फोनमध्ये असं असणार. शोधा. दर तीन-चार महिन्यांतलं एक पान घ्या, म्हणजे सलगपणा दिसेल. मजकूर मराठीत असेल तर त्याचंही भाषांतर लागेल, म्हणून थोडंच घ्या.

यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे, पण फाइली इथेच अडकतात. मागच्या दहा वर्षांचा हिशोब महिन्यागणिक द्यावा लागतो आणि मधे एकही महिना रिकामा सोडता येत नाही. सौदीचं कंत्राट संपल्यावर दोह्याचा व्हिसा येईपर्यंत तुम्ही गावी असाल, तर तसंच लिहा: बेरोजगार, गुहागर तालुक्यात घरी, घरच्या कलमांच्या बागेत मदत. ‘बेरोजगार’ लिहायची लाज वाटून कोणीतरी मामाच्या दुकानात नोकरी दाखवतो. मग पगाराचा पुरावा मागितला की गडबड होते. खोटं सापडलं तर पाच वर्षं दारच बंद. पूर्वी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर तोही सांगायचा. एजंट लोक हमखास ‘ते लिहू नका’ म्हणतात. अशा सल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या फाइली मी पाहिल्या आहेत, आणि सल्ला देणाऱ्याचं काहीच बिघडत नाही.

पोलिसांचा दाखला: गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचा. म्हणजे भारत, सौदी, कतार. भारताचा तुम्हाला दोह्यातल्या भारतीय दूतावासातून काढता येईल. सध्या राहता त्या देशाचा दाखला अर्जाआधीच्या सहा महिन्यांतला लागतो, आणि सोडलेल्या देशाचा दाखला तुम्ही तिथून शेवटचे निघाल्यानंतरचा. सौदीचा काढणं जिकिरीचं आहे, ठसे आणि दूतावासाची कागदपत्रं लागतात, म्हणून सगळ्यात आधी त्याला हात घाला. तुमच्या जुन्या इकाम्याची (सौदीतल्या निवास परवान्याची) प्रत आणि तेव्हाच्या पासपोर्टची पानं सापडतात का ते आजच बघा. प्रत्येक देशासाठी कॅनडाच्या सरकारी संकेतस्थळावर वेगळी सूचना असते, ती वाचूनच पुढे जा.

आणि गावातली केस. हसू नका, हे मी सगळ्यांना विचारते. आपल्याकडे भाऊबंदकीत हद्दीवरून, पायवाटेवरून, एका फणसाच्या झाडावरून तक्रारी होतात आणि एका बाजूने घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं घातली जातात. जुन्या दंडसंहितेची ३२३, ५०४, ५०६ ही कलमं कोकणात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. मुलगा तेव्हा मुंबईत असला तरी त्याचं नाव असतं. कधी गुन्हा नोंदला गेला असेल, आरोप ठेवला गेला असेल, तर निर्दोष सुटलात तरी सांगायचं आणि न्यायालयाच्या निकालाची प्रत भाषांतरासह जोडायची. अशा किरकोळ प्रकरणामुळे सहसा काही अडत नाही. लपवलेलं सापडलं तर मात्र अडतं.

व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथून अर्ज करावा का? तुमच्यासाठी नाही. कॅनडातून करायच्या प्रकारात तुम्ही तिथे बायकोबरोबर राहत असायला हवं, म्हणजे कतारची नोकरी गेलीच. शिवाय तो अर्ज नाकारला गेला तर दाद मागायला थेट फेडरल कोर्ट. बाहेरून केलेल्या अर्जात नकार आला तर तुमच्या बायकोला ३० दिवसांत अपील मंडळाकडे जाता येतं, आणि तिथे साक्षीपुरावा नव्याने ऐकतात. बाहेरून अर्ज करूनही भेटायला जाता येतं. व्हिजिटर व्हिसा मागताना ‘माझा पीआरचा अर्जही चालू आहे’ हे उघड सांगा. दोन्ही हेतू एकाच वेळी असणं तिथल्या कायद्यात चालतं. व्हिसा मिळेलच असं नाही, पण दोह्याची पक्की नोकरी आणि मंजूर रजा तेव्हा तुमच्या बाजूची असते.

तुमच्या बायकोबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती पीआर आहे, नागरिक नाही. पीआर असलेल्या स्पॉन्सरने कॅनडातच राहायला हवं. तीन-चार आठवडे गावी येऊन गेली तर हरकत नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्या महिन्यात यायचं आणि बाळ चार महिन्यांचं झाल्यावर जायचं, असं घरात ठरलं तर ती सहा-सात महिने बाहेर राहील, आणि ती खरंच तिथे राहते का हा प्रश्न उभा राहील. शिवाय इथे जन्मलेलं बाळ कॅनडाचं नागरिक होत नाही. त्याचं नाव तुमच्या चालू अर्जात ताबडतोब घालावं लागतं आणि त्याचीही तपासणी करून घ्यावी लागते. ते राहून गेलं आणि तुम्ही तसेच लँड झालात, म्हणजे पीआर म्हणून कॅनडात उतरलात, तर तोच ११७ चा नियम बाळाला लागतो. हे मी आयांना फोनवर समजावून सांगितलेलं आहे. रडतात, रागावतात. तिची आई म्हणाली तर सांगा, बाळंतपणाला तुम्हीच तिकडे जा. आईला पाहुणी म्हणून व्हिसा मागता येतो.

एजंटाचं एका परिच्छेदात संपवते. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधित्व करायचा अधिकार तिथल्या वकील संघटनांचे सदस्य असलेले वकील व पॅरालीगल, क्यूबेकचे नोटरी आणि तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे परवानाधारक यांनाच आहे. परवाना क्रमांक मागा आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर शोधा. निकालाची हमी परवानाधारकाला देताच येत नाही, म्हणून ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्यापासून उठून या. सगळे फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. ३० एप्रिल २०२४ च्या वाढीनंतर सरकारी शुल्क असं झालं: स्पॉन्सरशिपचे ८५, तुमच्या अर्जाचे ५४५, पीआर हक्काचे ५७५, मिळून १,२०५ कॅनेडियन डॉलर, आणि ठशांचे ८५ वेगळे. हे दर दोन वर्षांनी बदलतं, भरायच्या दिवशीचा आकडा पाहून घ्या. तुमचं प्रकरण सरळ आहे. दोघांनी मन लावून केलंत तर स्वतः भरता येईल.

शेवटचा प्रश्न, पीआरनंतर कतारची नोकरी. कोणत्याही पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहायला हवं, म्हणजे हिशोबाने तीन वर्षं बाहेर राहता येतं. बायको नागरिक असती आणि ती तुमच्याबरोबर कतारला राहत असती, तर ते दिवस धरले गेले असते. ती पीआर आहे, म्हणून धरले जाणार नाहीत. ती नागरिक झाल्यावर एकटी तिकडे राहिली आणि तुम्ही एकटे इकडे, तरीही नाहीत. माझ्या मते एक वर्ष ठीक, दोन नकोत. ११ आठवड्यांच्या संसारात आणखी किती वर्षं घालायची, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं.

लँडिंगचं वेळापत्रक मात्र जमवावं लागेल. मेडिकल १२ महिने चालतं, आणि पीआर व्हिसाची मुदत सहसा मेडिकल किंवा पासपोर्ट यांपैकी जे आधी संपेल तिथपर्यंत असते. पासपोर्टची मुदत दोन वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर अर्जाआधीच नवा करून घ्या. पीआर कार्ड फक्त कॅनडातल्या पत्त्यावर येतं. ते हातात येण्याआधी दोह्याला परतलात, तर पुन्हा विमानात बसण्यासाठी पीआरचा प्रवास दाखला काढावा लागेल. शक्य असेल तर कार्ड येईपर्यंत तिथेच थांबा, नाहीतर बायकोने ते कोणा विश्वासाच्या माणसाबरोबर पाठवायची सोय करा. कंपनीला नोटीस द्यायची ती पासपोर्टवर व्हिसा लागून हातात आल्यावर, त्याआधी नाही.